नकार आणायला गेलो होतो

ज्यांना मला ‘नाही’ म्हणायलासुद्धा सवड झाली नाही, ती माणसं दिवसभर करतात तरी काय, हे मी एकदा जाऊन डोळ्यांनी पाहून आले आहे. कॉफी पितात. व्हरांड्यात उभं राहून, एका हातात मग आणि दुसऱ्या हातात मोबाइल धरून पितात, आणि मधूनमधून एकमेकांना सांगतात की हल्ली काम फार वाढलंय.

मी पोशीरची. नेरळपासून आत, भातशेतीचं गाव. आमच्या घरात एम.एस्सी. झालेली मी पहिली, आणि पीएच.डी.चं खूळ डोक्यात घेतलेलीही मीच. विषय रसायनशास्त्र. घाट चढून गेलं की पुण्यात एक मोठी संस्था आहे, तिथे अर्ज केला होता. लेखी परीक्षा पास झाले आणि मुलाखतीचं बोलावणं आलं. आणि बोलावणं तरी कसं! आधी ईमेल, मग मेसेज, मग ऑफिसातल्या एका बाईंचा फोन. ‘येताय ना नक्की? मूळ कागद आणा, झेरॉक्स आणा, फोटो आणा, उशीर करू नका हं.’ इतकी तर आमच्याकडे जावयाचीही विचारपूस होत नाही. म्हणजे माझा नंबर त्यांच्याकडे होता, आणि फोन कसा लावायचा हेही त्यांना येत होतं. एवढं फक्त लक्षात असू द्या.

मे महिना होता. लांबलचक टेबलामागे चार-पाच जण बसले होते, मधोमध एक सर. एम.एस्सी.ला मी भाताच्या तुसाच्या राखेवर काम केलं होतं. कापडाच्या रंगाचं घाण पाणी त्या राखेतून सोडलं की रंग बराचसा राखेत अडकतो, असा तो विषय. सर पुढे सरकून बसले. तूस कुठून आणलंस, राख किती तापवलीस, असे नीट प्रश्न विचारले. मीही नीट उत्तरं दिली. घरच्याच भाताचं तूस, त्यात मला कोण अडवणार? शेजारच्या मॅडम ‘व्हेरी नाइस’ म्हणाल्या. चहा-बिस्किटं झाली. सर म्हणाले, ‘छान. आम्ही कळवू.’ हे म्हणताना त्यांनी पुढच्या मुलीची फाइल उघडलीसुद्धा होती, पण तेव्हा मला ते वावगं वाटलं नाही. मी तरंगतच खाली उतरले.

आता इकडची बाजू सांगते. मी तेव्हा साजगावच्या एका कारखान्यात लॅबमध्ये कंत्राटावर होते. कर्जतला गाडी बदलून खोपोली, तिथून रिक्षा. कारखान्यातून बाहेर सोडतात त्या पाण्याच्या तपासण्या करायचं काम. लॅबच्या मुख्य मॅडम कडक, पण माझ्यावर मर्जी. त्यांच्याकडे कायमची एक जागा निघाली होती. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, ‘जागा तुझीच आहे. पण तू पुण्याला जाणार असशील तर आत्ता बोल. पावसाळा लागायच्या आत मला नाव वर पाठवायचंय.’ म्हणजे सगळं अडलं होतं पुण्याच्या एका शब्दावर. हो आला तर पुणं, नाही आला तर साजगाव. दोन्हींत माझं भलंच होतं. फक्त कोणीतरी तोंड उघडायला हवं होतं.

आणि इथे बाबा आले. माझे वडील शेती करतात, पण आमच्या भागात त्यांची ओळख वेगळीच आहे. ते लग्नं जमवतात. पैसे घेत नाहीत, हौस आहे. पोशीर, कळंब, पार खालापूरपर्यंतची स्थळं त्यांना तोंडपाठ. पण त्यांचा खरा मान आहे तो नकार पोचवण्यात. आमच्याकडे मुलगी पाहून गेल्यावर मुलाकडच्यांना ती पसंत नसली तर फोटो आणि पत्रिका मध्यस्थाच्या हाती परत धाडतात. मध्यस्थ जातो, ओटीवर बसतो, पाणी पितो आणि म्हणतो, ‘पत्रिका जमत नाय.’ ती पत्रिका कोणी उघडूनही पाहिलेली नसते, हे ओटीवरच्या सगळ्यांना ठाऊक असतं. पण निरोप येतो. मुलीकडचे मोकळे होतात आणि दुसरं स्थळ बघायला लागतात. जोवर फोटो परत येत नाही, तोवर बोलणी चालू आहेत असंच धरायचं. तोवर दुसऱ्या कोणाला होकार द्यायचा नाही. आणि मुलीकडच्यांनी आपणहून विचारायला तर मुळीच जायचं नाही. हा कायदा.

हा कायदा बाबांनी पुण्याच्या संस्थेला लावला. मी म्हटलं, ‘बाबा, हे लग्न नाहीये.’

‘मग काय हाय?’ बाबा म्हणाले. ‘फोटो घेतला, कागद घेतलं, समोर बसवून प्रश्न इचारलं, चा-बिस्कीट दिलं, आन् म्हणले कळवतो. लग्नात काय येगळं करतात गं?’

मला हसू फुटलं. आईलाही फुटलं.

दोनेक आठवडे गेल्यावर मी फोन हातात घेतला. बाबांनी तो माझ्या हातातून काढून फळीवर ठेवला. ‘पोरीकडच्यांनी इचारायचं नसतं. इचारलं की किंमत गेली. त्यांना वाटंल हिला कोणी इचारत नाय. गप बस, येवढी मोठी माणसं हायत, नाय म्हणायचं असतं तर कवाच म्हणली असती.’

आता वाटतं, झिंज्या उपटाव्यात. बाबांच्या नव्हे, माझ्या. मी शिकलेली, इंटरनेट वापरणारी, मला कळायला नको? पण खरं सांगू का, बाबांचं म्हणणं मला गोड लागत होतं. नकार आला नाही म्हणजे आशा आहे, हे कोणाला नको असतं? शिवाय मला पुण्यालाच जायचं होतं. जीव तिकडेच लागला होता. साजगावच्या पाण्याच्या बाटल्या भरून भरून कंटाळा आला होता.

लॅबच्या मॅडमनी पुन्हा विचारलं. मी म्हटलं, ‘अजून नकार आला नाही हो मॅडम.’ त्यांनी कपाळावर हात मारला. ‘अगं बाई, ती माणसं नकार कळवतच नाहीत! माझ्या भाच्याला अजून कळवतायत. त्याला आता पोरगं झालं!’ मी ते घरी येऊन सांगितलं. बाबांना पटलं नाही. उलट ते रागावलेच. ‘असं कसं व्हईल? शिकवणारी माणसं हायत ती, अडाणी नायत. आन् उद्या पुण्यावरनं होकार आला तर या मॅडमला काय तोंड दाखवशील? एका ठिकाणी बोलणी मोडल्याबिगर दुसरीकडं हो म्हणायचं नाय. त्या बाईला फसवू नको.’

म्हणून मी मॅडमना समोर जाऊन नाही म्हटलं. त्या ‘बरं’ म्हणाल्या. दुसऱ्या मुलीचं नाव वर गेलं. ती रुजू झाली तसं माझं कंत्राटही संपलं, आणि मी घरी बसले.

मग वाट पाहणं. भाताची लावणी झाली, मी आईबरोबर चिखलात उभी राहून रोपं लावली, आणि बांधावर प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेल्या फोनकडे कान. शेजारच्या शेतातल्या काकू विचारायच्या, ‘काय गं, पुण्याचं काय झालं?’ बाबाच परस्पर उत्तर द्यायचे, ‘बोलणी चालू हायत.’ माझं असलं भिजत घोंगडं घालून तिकडे ती मंडळी एसीत बसली होती, आणि इकडे माझा बाप गावभर त्यांची बाजू सावरत होता. फुकटचा वकील मिळाला होता त्यांना.

भात पोटरीत येऊन कणसं फुटायच्या सुमाराला एका दुपारी मोबाइलवर त्या संस्थेचा एक फोटो आला. ‘नवीन संशोधकांचे हार्दिक स्वागत.’ सगळ्यांच्या हातात गुलाबाचं एकेक फूल, मध्ये तेच सर, दात दिसतील असे हसलेले. मुलाखतीच्या दिवशी माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून माझं पेन मागून घेतलेली मुलगी दुसऱ्या ओळीत उभी होती. तिचंही फूल वर धरलेलं. मी फोन बाबांपुढे धरला.

बाबांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. ‘म्हंजे त्यांचं दुसरीकडं ठरलं.’

‘हो.’

‘साखरपुडा झाला म्हण की.’

‘झाला.’

मला रडू येत होतं, पण बाबांच्या तोंडाकडे पाहून थांबले. त्यांना दुःख नव्हतंच झालं. त्यांना धक्का बसला होता. एवढ्या वर्षांत त्यांनी नकार देणारे खूप पाहिले होते. मुलीच्या रंगावरून नाक मुरडणारे पाहिले, देण्याघेण्यावरून अडून बसणारे पाहिले. पण पाहून जायचं, दुसरीकडे ठरवायचं आणि पहिलीला ताटकळत ठेवून मांडवात फोटो काढायचे, असले लोक त्यांना भेटले नव्हते. ‘ही कुठली रीत?’ ते दोन-तीनदा म्हणाले. मग उठले आणि आईला म्हणाले, ‘उद्या माझा पांढरा सदरा काढ गं. नकार आणायला जातो.’

मी म्हटलं, ‘बाबा, नकार काय आणायचा? जागा गेली.’

‘जागा गेली तर गेली. पण त्यांनी तोंडानं सांगितल्याबिगर आपण मोकळं कसं होणार? आन् तुजं कागद परत आणू.’

मी हट्ट केला असता तर ते थांबलेही असते. पण मलाही वाटलं, चला, बघू या तरी ही माणसं समोरासमोर काय बोलतात. कर्जतहून गाडी धरली आणि आम्ही घाट चढलो.

गेटवर नाव लिहा, गाव लिहा, कोणाला भेटायचं ते लिहा, गळ्यात नुसत्या नंबराचा पास अडकवा. एवढा सगळा बंदोबस्त कशाला, तर आतल्या माणसांना बाहेरची माणसं भेटू नयेत म्हणून. ऑफिसबाहेरच्या भिंतीवर संवादकौशल्याच्या कार्यशाळेचं भलंमोठं पोस्टर होतं. मी तिथे उभी राहून हसले. बाबांनी विचारलं काय झालं, मी म्हटलं काही नाही.

ऑफिसातल्या बाई त्याच, फोनवाल्या. आवाज ओळखला मी. म्हणाल्या, ‘पोर्टलवर स्टेटस बघा ना.’ मी मोबाइलवर उघडून त्यांच्यापुढे धरलं. त्यावर मे महिन्यापासून जे होतं तेच होतं, ‘अर्ज प्रक्रियेत आहे.’

‘मग आहे ना प्रक्रियेत,’ बाई म्हणाल्या.

‘ताई,’ बाबा अगदी गोडीनं म्हणाले, ‘पोरं आली, फुलं वाटली, वर्ग चालू झालं. मग आता परक्रिया कशाची चाललीय?’

‘अहो काका, ते तसंच राहतं.’

‘तसंच म्हंजे कुठवर?’

‘म्हणजे... राहतं. पुढच्या वर्षीचं सुरू झालं की जातं.’

‘मग तुमी नुसतं नाय म्हणा. पोरगी इथंच हाय. म्हणा नाय, आमी जातो.’

‘मी कसं म्हणू? मला तसा अधिकार नाही.’ आणि बाईंनी हात वर केले. कागद परत मिळणार नाहीत, ते रेकॉर्डला लागतात म्हणे. ज्या माणसाला ‘नाही’सुद्धा कळवायचं नाही, त्याच्या झेरॉक्सचं रेकॉर्ड! कपाटात वाळवी लागली असेल त्याला.

आम्ही बाहेर आलो तर व्हरांड्यात सर. हातात मग. मी ‘सर’ म्हणून हाक मारली. त्यांनी पाहिलं, आणि ओळख लागली नाही हे चेहऱ्यावर स्वच्छ दिसलं. मी म्हटलं, मे महिन्यात मुलाखत दिली होती, काहीच कळलं नाही. एवढंच. ते ‘अच्छा अच्छा’ म्हणाले. मग बाबांकडे नजर गेली. पांढरा सदरा, टोपी, हात जोडलेले. सर थोडे अवघडले. कोणीतरी त्यांना आत बोलवत होतं, आणि त्यांना सुटायचं होतं. म्हणून ते म्हणाले, ‘हां हां, तुमचं नाव बहुतेक वेटिंगला होतं. नंतर एक जागा रिकामी झाली होती आमच्याकडे. पण तुम्ही फोन वगैरे काही केला नाहीत ना? मग आम्ही धरलं की तुम्हाला इंटरेस्ट नाही. पुढच्याला घेतलं.’

बाबांचे जोडलेले हात सुटले. ‘म्हंजे... फोन केला असता तर?’

‘हो, तर मग... बहुतेक,’ सर म्हणाले, हातातला कॉफीचा मग उंचावून ‘मीटिंग आहे’ असं दाखवलं आणि गेले.

गाडी घाट उतरायला लागली. मी खिडकीतून बाहेर बघत होते आणि आतून धुमसत होते. अरे, तुम्ही कळवायचं नाही, आणि आम्ही विचारलं नाही म्हणून आमचाच गुन्हा? तुमची जागा रिकामी झाली, तुमच्याकडे माझा नंबर, आणि फोन मी करायचा? काय माझ्या स्वप्नात येऊन सांगणार होतात? पळसदरी स्टेशन मागे पडलं तेव्हा एकदम माझ्या डोक्यात आलं, आणि मी ताठ बसले. सरांनी माझं नाव विचारलंच नव्हतं. मीही सांगितलं नव्हतं. चेहरा ओळखला नाही, नाव माहीत नाही, मग माझं नाव वेटिंगला होतं हे त्यांना कळलं कुठून? थाप होती ती. धडधडीत थाप. मीटिंगला जायची घाई होती, समोर एक म्हातारा हात जोडून उभा होता, तर जे तोंडात आलं ते ठेवून दिलं. ‘नाही’ म्हणायला जेवढा वेळ लागला असता, त्याच्या चौपट वेळ त्यांनी ती थाप मारायला घालवला.

मी बाबांना सांगायला तोंड उघडलं, तर त्यांचा डोळा लागला होता. म्हटलं, घरी गेल्यावर सांगू.

घरी आईनं दारातच विचारलं, ‘काय म्हणले?’

बाबा पायरीवर बसले. ‘घेतली होती गं तिला. जागा होती. फोनची वाट बघत बसले होते ते. मी करू दिला नाय.’

व्हरांड्यातलं ‘बहुतेक’ पोशीरला येईपर्यंत गळून गेलं होतं. आई त्यांच्याजवळ बसली. बाबा रडत होते. माझ्या आठवणीत पहिल्यांदा. मी म्हटलं, ‘बाबा, तो माणूस खोटं बोलला. त्याला माझं नावसुद्धा माहीत नव्हतं.’

‘येवढा मोठा माणूस खोटं कशाला बोलंल?’ बाबा म्हणाले. ‘तू माझ्यासाठी बोलतेस.’

दुसऱ्याच दिवशी मी सरांना ईमेल लिहिली. नाव, अर्जाचा क्रमांक, सगळं घातलं. जागा नको, शिफारस नको, काही नको. फक्त एवढं सांगा की माझं नाव वेटिंगला होतं की नव्हतं. नव्हतं असेल तर नव्हतं असं लिहा, मला वडिलांना दाखवायचंय. हे शेवटचं वाक्य लिहिताना माझा स्वाभिमान पार धुळीला मिळाला, पण लिहिलं. उत्तर आलं नाही. पुन्हा लिहिलं. नाहीच आलं. त्यानंतर त्या सरांविषयी माझ्या मनात राग उरला नाही. राग यायलासुद्धा समोर माणूस लागतो. पदव्या, पुरस्कार, परदेशातली भाषणं, सगळं आहे त्या पानावर. दोन ओळी लिहायची दानत मात्र नाही.

आता मी नेरळला एका क्लासमध्ये बारावीला केमिस्ट्री शिकवते. नवीन टॉवरमधली मुलं येतात, बरं चाललंय. पुन्हा कुठे अर्ज केला नाही. आईला वाटतं करावा. बघू.

बाबांनी मात्र ती गोष्ट धरून ठेवली आहे. घरी कोणी पाहुणे आले, बोलता बोलता माझ्यावर गाडी आली, की ते आपणहून सांगतात. ‘पुण्याला घेतली होती तिला. येवढ्या पोरांतनं. मोठे सर सोता मला म्हणले.’ हे म्हणताना मान ताठ असते. मग मान खाली जाते. ‘मीच आडवा आलो. फोन करू दिला नाय.’

सुरुवातीला मी मध्ये पडायचे. असं काही नव्हतं, तो माणूस थापा मारत होता, असं सांगायचे. पण एकदा मी तसं बोलले तेव्हा बाबांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्यानंतर माझी जीभ रेटत नाही. त्यांची चूक नव्हती हे पटवायचं, तर त्यांची मुलगी कोणी घेतली नव्हती, कोणाच्या लक्षातही राहिली नव्हती, हेही पटवावं लागतं. एक काढलं की दुसरं जातं. आणि बाबांना ते दुसरं सोडायचं नाही, त्यासाठी सगळा दोष अंगावर घ्यायची त्यांची तयारी आहे.

आता पाहुणे माझ्याकडे बघतात आणि विचारतात, ‘खरंच का गं, घेतलं होतं?’

मी म्हणते, ‘हो, घेतलं होतं.’